एक्स्प्लेनर : पानावर आधीच कोण बसलेले असते? पिकाला रोगापासून वाचवणारे मित्र जिवाणू आणि एका पंपात होणारी चूक

ऑगस्टचा दुसरा पंधरवडा. वर्धा-आर्वी मार्गावरच्या आंजी (मोठी) परिसरात पऱ्हाटी कमरेला लागलेली असते, सोयाबीनच्या ओळी एकमेकींत मिसळलेल्या असतात. तीन-चार दिवसांची झड लागते, ऊन दिसत नाही, पाने सकाळपासून संध्याकाळपर्यंत ओलीच राहतात. मग एखाद्या पानावर पहिला तपकिरी ठिपका दिसतो आणि पाऊस उघडला की शेतकरी कृषी सेवा केंद्र गाठतो.

काउंटरवर दोन वस्तू येतात. एक रासायनिक बुरशीनाशकाची बाटली. दुसरे पांढऱ्या किंवा हिरवट भुकटीचे पाकीट, त्यावर ‘ट्रायकोडर्मा’, ‘सुडोमोनास’ किंवा ‘बॅसिलस’ असे लिहिलेले. कोणते घ्यावे हे कळत नाही म्हणून ‘दोन्ही असू द्या’ असे ठरते. वावरात गेल्यावर दोन्ही एकाच पंपात पडतात. फवारणी होते. पाकिटाचे पैसे मात्र बऱ्याचदा पंपातच बुडालेले असतात.

कारण पाकिटात औषध नसते. त्यात जिवंत जीव असतात, आणि त्यांच्या शेजारी विष ओतले की ते पानापर्यंत पोहोचण्याआधीच मरू शकतात. हे जीव काय करतात, पानावर ते मुळातच असतात का, रोगाला कसे अडवतात आणि कुठे त्यांचा काही उपयोग नाही, हे समजून घेऊ.

पान खरेच स्वच्छ असते का?

डोळ्यांना दिसते तसे ते अजिबात नसते. पानाच्या एका चौरस सेंटीमीटरवर साधारण १० लाख ते १ कोटी जिवाणू असू शकतात, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. कपाशीचे एक बऱ्यापैकी मोठे पान १०० चौरस सेंटीमीटरचे धरले, तर एका पानावर १० कोटी ते १०० कोटी जिवाणू झाले. शिवाय यीस्ट, बुरशी आणि इतर सूक्ष्मजीव वेगळेच.

पानाच्या या वस्तीला विज्ञानात ‘फायलोस्फिअर’ म्हणतात. मुळाभोवतीच्या मातीतील जिवाणूंचा अभ्यास विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून सुरू होता. पानाकडे लक्ष गेले ते १९५० च्या दशकात. एफ. टी. लास्ट आणि जेकोबा रूइनन या दोन शास्त्रज्ञांनी १९५५ आणि १९५६ मध्ये स्वतंत्रपणे ही संज्ञा वापरली. पृथ्वीवरच्या सगळ्या पानांच्या दोन्ही बाजू एकत्र मांडल्या तर ते क्षेत्र ६० कोटी चौरस किलोमीटरहून अधिक भरेल, असा एक अंदाज आहे. पृथ्वीचा एकूण पृष्ठभाग समुद्रासह सुमारे ५१ कोटी चौरस किलोमीटर आहे. म्हणजे सूक्ष्मजीवांसाठी पान ही जगातल्या सर्वांत मोठ्या वस्त्यांपैकी एक.

ही वस्ती पाहायची असेल तर महाविद्यालयाच्या साध्या प्रयोगशाळेतही पाहता येते. ताजे पान पोषक माध्यम भरलेल्या काचेच्या बशीवर हलके दाबायचे, उचलायचे आणि बशी झाकून ठेवायची. काही दिवसांत बशीवर पानाच्या आकारात ठिपके उगवतात. त्यातले काही पिवळे, काही गुलाबी असतात. हा रंग जिवाणूंचे कडक उन्हापासून रक्षण करण्यास मदत करतो.

हे जिवाणू येतात कुठून आणि खातात काय?

काही बियाण्याबरोबरच येतात. काही पावसाच्या थेंबाने उडालेल्या मातीतून, काही वाऱ्यातून, काही किडींच्या पायांना चिकटून, तर काही धुऱ्यावरच्या झाडांवरून येतात. रोप वाढते तशी ही वस्ती बदलत जाते.

पान ही राहायला सोपी जागा नाही. दुपारी पृष्ठभाग तापतो, अतिनील किरणे पडतात, पाणी क्षणात वाळते. अन्नही फार नसते. पानातून अत्यल्प प्रमाणात साखर आणि अमिनो आम्ले बाहेर झिरपतात. तेवढ्यावर ही वस्ती जगते. म्हणून जिवाणू पानभर सारखे पसरलेले नसतात. शिरांच्या कडेला, लवेच्या बुडाशी आणि पर्णरंध्रांच्या आसपास, जिथे थोडा ओलावा आणि थोडे अन्न मिळते, तिथे ते दाटीने राहतात.

पंचाईत अशी की रोगाच्या जिवाणूलाही नेमकी तीच जागा हवी असते. पर्णरंध्र हे त्याच्यासाठी घरात शिरायचे दार आहे.

मग रोगाला ते अडवतात कसे?

मुख्यतः चार प्रकारे.

पहिला प्रकार : जागा आणि अन्न अडवणे. वर्ध्याच्या बसस्थानकावर आर्वीची गाडी लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली जाते. उशिरा चढणारा धडधाकट असला तरी उभाच राहतो. पानावरही तसेच होते. रोगाचा जिवाणू पानावर उतरला म्हणजे लगेच रोग होत नाही. त्याला आधी पृष्ठभागावर आपली संख्या वाढवावी लागते. त्यासाठी लागणारी साखर आधीच्या रहिवाशांनी संपवली असेल, तर तो वाढू शकत नाही. अनेक मित्र जिवाणू लोह पकडून ठेवणारे रेणूही सोडतात. लोहाशिवाय रोगकारकाची वाढ खुंटते.

दुसरा प्रकार : थेट मारा. बॅसिलस सब्टिलिस हा जिवाणू इट्युरिन, फेंगायसिन, सर्फॅक्टिन अशी रसायने तयार करतो. ती बुरशीच्या पेशींच्या पडद्याला भोके पाडतात. सुडोमोनास फ्लुरोसन्सच्या काही जाती स्वतःची प्रतिजैविके बनवतात.

तिसरा प्रकार : बुरशीवर बुरशी. ट्रायकोडर्मा ही मित्र बुरशी रोगकारक बुरशीच्या धाग्यांना वेढे घालते आणि त्यांची भिंत विरघळवणारी विकरे सोडते. अँपेलोमायसिस क्विसक्वालिस ही बुरशी भुरी रोगाच्या बुरशीच्या आत शिरून तिच्यावरच जगते.

चौथा प्रकार : झाडाला सावध करणे. काही मित्र जिवाणूंचा स्पर्श झाला की झाडाची स्वतःची संरक्षण यंत्रणा तयारीत राहते. खरा रोग आल्यावर ती लवकर आणि जोमाने काम करते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला झालेल्या प्रयोगांत एक महत्त्वाची गोष्ट दिसली. जिवाणू मुळाशी लावला तरी संरक्षण पानाला मिळत होते. बीजप्रक्रियेचा फायदा वरच्या पानापर्यंत का पोहोचू शकतो, याचे उत्तर इथे आहे.

या चारही प्रकारांत एक गोष्ट समान आहे. मित्र जिवाणू आधी पोहोचलेला असेल तरच त्याचा पूर्ण उपयोग होतो. अर्धे पान करपल्यावर पाकीट फोडणे म्हणजे वरातीमागून घोडे.

याला पुरावा काय?

स्वित्झर्लंडमधील झुरिकच्या ईटीएच संस्थेत युलिया फोरहोल्ट यांच्या गटाने २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ॲराबिडॉप्सिस ही मोहरीच्या कुळातली छोटी वनस्पती त्यांनी जंतुविरहित वातावरणात वाढवली. काही रोपांवर स्फिंगोमोनास गटातले जिवाणू आधी सोडले, मग रोगकारक सुडोमोनास सिरिंजी सोडला. स्फिंगोमोनास असलेल्या रोपांवर रोगकारकाची वाढ दबली आणि रोगाची लक्षणे रोखली गेली.

याच प्रयोगात मिथायलोबॅक्टेरियम हा पानांवर सर्रास आढळणारा गुलाबी जिवाणूही तपासला गेला. त्याने असे संरक्षण दिले नाही. म्हणजे पानावरचा प्रत्येक निरुपद्रवी जिवाणू राखणदार नसतो. काही नुसतेच प्रवासी असतात. अर्थात त्यांचे इतर उपयोग असू शकतात. तामिळनाडू कृषी विद्यापीठ याच गुलाबी जिवाणूंची फवारणी पिकाला पाण्याचा ताण सोसता यावा म्हणून सुचवते.

जागा अडवण्याचा सर्वांत गाजलेला प्रयोग अमेरिकेतला आहे. सुडोमोनास सिरिंजीच्या काही जाती पानावर बर्फाचे कण तयार व्हायला मदत करतात. त्यामुळे थोड्या थंडीतही पिकाला हिमबाधा होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या स्टीव्हन लिंडो यांनी या जिवाणूतून बर्फ बनवणारे जनुक काढून टाकले. हा बदललेला जिवाणू पानावर आधी पसरवला की मूळ जिवाणूला जागा मिळत नाही, अशी कल्पना होती. २४ एप्रिल १९८७ रोजी कॅलिफोर्नियात स्ट्रॉबेरीच्या शेतात तो फवारला गेला. जनुकीय बदल केलेला जीव परवानगी घेऊन उघड्या शेतात सोडण्याची ती पहिली वेळ मानली जाते. त्यावर मोठा वाद झाला आणि हे उत्पादन बाजारात टिकले नाही, पण आधी बसलेला जिवाणू नंतरच्याला रोखतो हे तत्त्व पुढच्या संशोधनाला मिळाले.

तिसरा पुरावा बियाण्याचा आहे. चीनमध्ये एकाच वाणाचा भात दोन ठिकाणी वेगवेगळा वागत होता. एकीकडे रोग, दुसरीकडे प्रतिकार. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कारण सापडले. निरोगी रोपांच्या बियाण्यात स्फिंगोमोनास मेलोनिस हा जिवाणू होता आणि तो एका पिढीकडून दुसरीकडे जात होता. वाण तेच, फरक सोबत आलेल्या जिवाणूचा.

आपल्याकडेही असे काम सुरू आहे. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी भाताच्या पानांवरचेच जिवाणू वेगळे करून ते करपा रोगाच्या बुरशीला कसे रोखतात, याचा अभ्यास केला आहे. पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यासाठी हा विषय थेट जिव्हाळ्याचा आहे.

युरियाचा यात काय संबंध?

आंजीसारख्या गावात सगळ्यांत जास्त विचार करायला लावणारा प्रयोग टोमॅटोवरचा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील मॉरीन बर्ग आणि ब्रिट कोस्केला यांनी शेतातल्या टोमॅटोच्या पानांवरचे सूक्ष्मजीव गोळा केले आणि ते दुसऱ्या निरोगी रोपांवर फवारले. नंतर रोगकारक जिवाणू सोडला. सूक्ष्मजीव मिळालेल्या रोपांवर रोगकारक कमी वाढला. पण ज्या रोपांना आधी खत दिले होते, त्यांच्यात हे संरक्षण नाहीसे झाले. हा अभ्यास २०१८ मध्ये ‘करंट बायोलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

असे का झाले असावे? एक शक्य कारण सरळ आहे. पानावर अन्न तुटपुंजे असते म्हणून आधीचा रहिवासी ते संपवून नंतरच्याला उपाशी ठेवतो. अन्न मुबलक झाले की दोघांनाही पुरते आणि रुमालाचा उपयोग राहत नाही.

हा प्रयोग कपाशीवरचा नाही आणि त्यावरून युरिया बंद करा असा निष्कर्ष निघत नाही. पिकाला नत्र लागतेच. मात्र गरजेपेक्षा जास्त नत्र दिलेले पीक लुसलुशीत होते, दाट होते आणि रोग-किडींना लवकर बळी पडते, हे शेतकऱ्यांना अनुभवाने आणि कृषी विद्यापीठांना चाचण्यांनी माहीत आहे. शेजाऱ्याची पऱ्हाटी हिरवीगार दिसली म्हणून आणखी एक गोणी टाकण्याआधी विचार करायला हे आणखी एक कारण.

फवारणीने मित्रही मरतात का?

काही फवारण्यांनी मरतात. बुरशीनाशकाला मित्र बुरशी आणि शत्रू बुरशी असा फरक कळत नाही. कार्बेन्डाझिमसारख्या बुरशीनाशकासोबत ट्रायकोडर्मा मिसळली तर तिची वाढ थांबते. ताम्रयुक्त औषधे आणि स्ट्रेप्टोसायक्लिन ही जिवाणूंवर चालणारी औषधे आहेत. त्यांच्यासोबत सुडोमोनास ओतणे म्हणजे राखणदाराला दारातच मारणे.

कपाशीवरचा जिवाणूजन्य करपा आणि डाळिंबावरचा तेल्या या रोगांसाठी कॉपर ऑक्सिक्लोराइड आणि स्ट्रेप्टोसायक्लिनची जोडी वर्षानुवर्षे फवारली गेली. स्ट्रेप्टोसायक्लिन हे स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन या माणसाच्या उपचारांत लागणाऱ्या प्रतिजैविकांचे मिश्रण आहे. जिवाणूंमध्ये औषधांना न जुमानण्याची क्षमता वाढू नये म्हणून केंद्रीय कृषी मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये शेतीतला त्यांचा वापर टप्प्याटप्प्याने थांबवण्याचा मसुदा आदेश काढला. त्यामुळे जिवाणूजन्य रोगांवर दुसरा मार्ग शोधण्याची निकड वाढली आहे.

फवारणीचा हिशेब नुसता पैशांचा नाही. २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन सुमारे २० शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला आणि शेकडो जण रुग्णालयांत दाखल झाले. तिथली औषधे किडींवरची होती. मित्र जिवाणू त्यांना पर्याय नाहीत. पण जी फवारणी अनावश्यक आहे ती टाळता आली, तर पंप पाठीवर घेणाऱ्या माणसाची एक फेरी कमी होते.

महाराष्ट्रात याचा वापर कुठे होतो?

सर्वांत पद्धतशीर वापर द्राक्षात दिसतो. २०१० मध्ये युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचे अंश सापडले आणि निर्यातदारांना मोठा फटका बसला. त्यानंतर उर्वरित अंशांबाबत बागायतदार अधिक सावध झाले. पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने भुरी आणि इतर रोगांसाठी बॅसिलस, ट्रायकोडर्मा आणि अँपेलोमायसिस यांच्या वापरावर काम केले. काढणी जवळ आली की रासायनिक औषध मारता येत नाही, कारण अंश मण्यात राहतो. त्या काळात जैविक घटक उपयोगी पडतात.

विदर्भात १९६९ मध्ये स्थापन झालेले अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ ट्रायकोडर्मासह जैविक घटक आणि जिवाणू संवर्धके तयार करते. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था कपाशीच्या रोगांवर काम करते. आंजीच्या शेतकऱ्यासाठी सर्वांत जवळचे ठिकाण म्हणजे जिल्ह्यातलेच सेलसुरा येथील कृषी विज्ञान केंद्र. ठिपका कशाचा आहे हे कळत नसेल तर रोगट पान आधी तिथे दाखवावे आणि मग दुकानात जावे.

आंजीच्या शिवारातल्या कोणत्या रोगांवर उपयोग, कोणत्यांवर नाही?

सगळ्यांत जास्त गोंधळ इथेच होतो. पान खराब दिसले म्हणजे रोग एकच असे नसते.

- कपाशीवरचे बुरशीजन्य ठिपके आणि दहिया : अल्टरनेरिया, कोरिनेस्पोरा या बुरशींचे ठिपके किंवा पानाखाली दह्यासारखी पांढरट बुरशी. मित्र जिवाणूंचा प्रतिबंधक म्हणून विचार होऊ शकतो, पण ठिपके दिसण्याआधी किंवा अगदी सुरुवातीला. रोग पसरल्यावर शिफारशीतले बुरशीनाशकच लागते.
- कपाशीवरचा जिवाणूजन्य करपा : शिरांच्या मधले कोनात्मक ठिपके. हा रोग बियाण्यातूनही येतो, त्यामुळे बीजप्रक्रियेला महत्त्व आहे.
- लाल्या : पाने लाल होणे. हा सूक्ष्मजीवांमुळे होणारा रोग नाही. मॅग्नेशियमसारख्या अन्नद्रव्यांची कमतरता, पाण्याचा ताण, रात्रीच्या तापमानातली घट अशी त्याची कारणे आहेत. इथे कोणतेही बुरशीनाशक किंवा मित्र जिवाणू फवारणे व्यर्थ.
- सोयाबीनवरचा पिवळा मोझॅक : हा विषाणूजन्य रोग पांढरी माशी पसरवते. सुडोमोनास किंवा ट्रायकोडर्मा फवारून तो बरा होत नाही. रोगट झाडे सुरुवातीलाच उपटणे आणि पांढऱ्या माशीचे नियंत्रण हाच मार्ग.
- सोयाबीनवरची मूळकूज, खोडकूज आणि रायझोक्टोनियाचा करपा : या बुरशी मातीत टिकून राहतात. म्हणून ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया किंवा शेणखतात मिसळून जमिनीत वापर याला अर्थ आहे. सप्टेंबरमध्ये झाड वाळायला लागल्यावर पानांवर फवारण्याला नाही.

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये विदर्भातले सोयाबीन पाहता पाहता पिवळे पडले तेव्हा पिवळा मोझॅक, खोड-मूळकूज आणि रायझोक्टोनियाचा करपा हे तिन्ही एकाच वेळी शिवारात होते. दुरून तिघेही सारखेच दिसत होते. एक विषाणू, दोन बुरशी. तिघांवर मिळून एकच औषध निघणे शक्य नव्हते.

ट्रायकोडर्मा पानावर का टिकत नाही?

ट्रायकोडर्माचे मूळ घर माती आणि मुळांचा परिसर आहे. ऊन आणि कोरडेपणा तिला मानवत नाही. त्यामुळे बीजप्रक्रियेत आणि शेणखतात मिसळून ती जितकी चांगली चालते तितकी भर दुपारी पानावर फवारून चालत नाही. बॅसिलसचे बीजाणू कठीण कवचाचे असतात, म्हणून ते पाकिटातही जास्त दिवस टिकतात आणि पानावरची परिस्थिती सोसतात. सुडोमोनास पानावर राहू शकतो, मात्र त्याला कवचाचे बीजाणू नसतात, त्यामुळे पाकीट उन्हात राहिले की त्याची संख्या लवकर घटते.

जीवामृत आणि आंबट ताकाचे काय?

गावोगावी जीवामृत आणि आंबट ताकाची फवारणी केली जाते. दोन्हींत जिवंत सूक्ष्मजीव भरपूर असतात, ही गोष्ट खरी. पण कोणते आणि किती, हे प्रत्येक ड्रममागे बदलते. त्यामुळे एका वावरात आलेला अनुभव दुसऱ्या वावरात येईलच असे नाही. दुधाबाबत मात्र प्रयोग झालेले आहेत. ब्राझीलमधील वाग्नर बेट्टिऑल यांनी १९९९ मध्ये काकडीच्या कुळातल्या झुकिनीवर दूध फवारून भुरी रोग आटोक्यात येतो असे दाखवले. तो निष्कर्ष भुरीपुरता होता. सोयाबीनच्या पिवळ्या मोझॅकला ताकाने उतार पडेल, असा अर्थ त्यातून काढता येत नाही.

पाकीट घेताना आणि वापरताना काय पाहावे?

- नोंदणी क्रमांक : रोगनियंत्रणाचा दावा करणारे जैविक उत्पादन १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदलेले असावे लागते. नुसते ‘टॉनिक’ म्हणून विकले जाणारे पाकीट वेगळे.
- सीएफयू : हा जिवंत जीवांचा आकडा. नोंदणीच्या निकषांनुसार एका ग्रॅममध्ये मित्र बुरशी किमान २० लाख आणि मित्र जिवाणू किमान १० कोटी असावेत.
- तारीख : उत्पादनाची आणि मुदत संपण्याची. मुदत संपलेल्या रासायनिक औषधाचा थोडाफार परिणाम उरू शकतो. मेलेल्या जिवाणूचा काहीच नाही.
- साठवण : दुकानाच्या दारात उन्हात टांगलेले पाकीट घेऊ नये. घरी आणल्यावरही पत्र्याच्या गरम खोलीत ठेवू नये.
- वेळ : फवारणी संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, पानावर थोडी ओल राहील अशी.
- पंप : स्वच्छ धुतलेला. आदल्या दिवशीचे बुरशीनाशक तळाशी असेल तर उपयोग नाही.
- अंतर : रासायनिक बुरशीनाशक किंवा ताम्रयुक्त औषधासोबत मिसळू नये. दोन फवारण्यांत किती दिवस ठेवायचे हे औषधावर अवलंबून असते. पाकिटावरची सूचना पाहावी किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारावे.
- बीजप्रक्रियेचा क्रम : आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू संवर्धक. ट्रायकोडर्मा वापरायची असेल तर रासायनिक बुरशीनाशक त्याच बियाण्याला लावू नये.

उपयोग झाला की नाही, कसे कळणार?

औषधाचा परिणाम डोळ्यांना लगेच दिसतो, पण राखणदाराचा दिसत नाही. रोग आलाच नाही तर तो जिवाणूंमुळे आला नाही की पावसाने उघडीप दिल्यामुळे, हे सांगणे कठीण. दुकानदाराचा दावा आणि शेजाऱ्याचा अनुभव यांतून याचे उत्तर मिळत नाही.

त्यासाठी सोपा उपाय आहे. पुढच्या हंगामात वावराच्या मधोमध चार तास, म्हणजे चार ओळी, जैविक फवारणीविना ठेवाव्यात. बाकी खत, पाणी, निंदण सगळे सारखेच. धुऱ्याजवळच्या ओळी निवडू नयेत, कारण तिथली परिस्थिती मुळातच वेगळी असते. सप्टेंबरमध्ये दोन्हीकडची प्रत्येकी २० झाडे घ्यावीत, प्रत्येकाची वरची, मधली आणि खालची पाने पाहावीत आणि ठिपके असलेली पाने मोजून वहीत लिहावीत. फरक दिसला तर पाकीट पुन्हा घ्यावे. नाही दिसला तर तो खर्च पुढच्या वर्षी वाचेल.

चार ओळींमुळे उत्पन्नात फारसा फरक पडत नाही. पण पुढच्या ऑगस्टमध्ये झड उघडल्यावर काउंटरवर दोन वस्तू समोर आल्या, तर कोणती घ्यायची याचे उत्तर स्वतःच्या वहीत लिहिलेले असेल.